उजवीकडे

रॉय फ्रॉस्टिकची बोट डावीकडे छान वळते.
उजवीकडे वळवायची तर चाक दोन्ही हातांनी धरून
पाय रोवून उभं राहावं लागतं,
दोघींचं जातं एकटीने ओढावं तसं.
बारा वर्षं. म्हणून टोल्सबरीच्या खाडीतून बाहेर पडला
की तो प्रत्येक बोयाला डावीकडून वळसा घालायचा,
वाण्याची उधारी थकलेल्या माणसासारखा, लांबून,
आणि म्हणायचा, इकडून देखावा बरा दिसतो.

बोट त्याने मला विकली नाही, दिलीही नाही.
"मॅनिक, तू बघ जरा," एवढंच म्हणाला.
माणिक. पण वीस वर्षांत मी कधी सुधारलं नाही,
आता सुधारलं तर त्याला वाटेल
कुणी दुसरीच आलीय.

मी आयुष्यभर कोलचेस्टरच्या इस्पितळात खांदे सोडवले.
गोठलेले, आखडलेले, ऑपरेशननंतर रुसलेले.
सांधा एकदम अडत नाही.
आधी माणूस थोडं टाळतो,
मग टाळणंच त्याचं वळण होतं.

इंजिनाच्या नळीतून केबलचा दांडा निघेना.
नट सुटला, दांडा नाही.
आत जुनं ग्रीस, काकवी आटून दगड व्हावी तसं.
हेअर ड्रायरने नळी तापवली
(माझा, चांगला; आता त्याला पेट्रोलचा वास),
मग लाकडाचा ठोकळा, त्यावर हातोडी, हळू,
थांबून, पुन्हा.
चौथ्या दिवशी तो बोटभर सरकला
आणि चिखलात उभी मी एकटीच म्हणाले, "शाब्बास",
पेशंटला म्हणायचे त्याच आवाजात.

केबल घरी आणली. पावसाच्या पाइपाला उभी टांगली,
चौदा फूट, वरच्या टोकाला अर्धी कापलेली बाटली
उलटी बांधून, तीत पातळ तेल.
वर अभिषेकपात्र, खाली मार्जरिनचं झाकण.
शेजारच्या पॅमने खिडकीतून विचारलं, कोणी आजारी आहे का?
तिला सलाइन वाटलं.
मी हो म्हणाले.

रात्री दोनदा टॉर्च घेऊन उठले. झाकण कोरडं.
रॉय म्हणाला होता, आत गंज असेल तर नवीच घे,
गंजल्यावर तेल म्हणजे मेल्यावर पथ्य.
पहाटे साडेपाचला एक थेंब.
काळा, जड.
मग तांबूस. मग दुपारपर्यंत
तेलासारखं तेल.

दांडा आत ओढून घेतला, मगच नवं ग्रीस भरलं.
बाहेर असताना भरलं तर तेच आत दाबून बसतं
आणि पुन्हा अडवतं.
लाडसुद्धा वेळ बघून करायचे.

रविवारी भरतीला रॉय आला, टोपी घालून.
चाक एका बोटाने फिरलं.
तो काही बोलला नाही,
दुसऱ्या बोटाने फिरवून बघितलं.
जाताना त्याने सवयीने डावीच धरली.
परतताना, ओहोटी अर्ध्यावर, बोयाशी मी म्हणाले,
रॉय, उजवीकडे.
त्याने पाय रोवले, दात आवळले,
बारा वर्षांचा सगळा जोर काढला
आणि बोट गर्रकन फिरून थेट चिखलात.

तो काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.
पाणी परत इथवर यायला सहा तास.
थर्मास उघडला. चिखल हळूहळू वर आला,
त्यावर बगळे, आमच्याकडे पाठ करून.
कप घेताना त्याचं उजवं कोपर
अंगाला चिकटलेलंच राहिलं.
"कधीपासून?"
"काय कधीपासून?"

मी त्याचा हात केबिनच्या भिंतीवर टेकवला,
म्हटलं, बोटं पालीसारखी वर चढव, जमेल तिथवर.
ती डोळ्यांच्या रेषेशी थांबली.
तिथे पेन्सिलने खूण केली.
अजून साडेपाच तास होते.