हातावर हात

मासळीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
माझे हात माझ्या पुढे धावायचे.
डोकं, पोट, मीठ, डबा,
मिनिटाला बत्तीस हेरिंग.
मग कारखान्याला कुलूप लागलं
आणि हिउमा बेटावर दोनच गोष्टी मुबलक उरल्या:
जुनिपरची झुडपं आणि म्हातारी माणसं.
मी घरसेवेच्या वर्गात नाव घातलं.

पहिल्याच घरी लेम्बीबाईंच्या स्वेटरची
सात बटणं मी लावून टाकली, बघता बघता.
"किती चपळ गं!" त्या म्हणाल्या. मी फुलले.
बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत
विर्व्हे, आमची शिकवणारी, म्हणाली,
"सात बटणं चोरलीस तू तिची.
उद्या हातावर हात ठेवून बस."

हातावर हात!
आमच्या आईच्या तोंडी ही शिवी होती.

दुसऱ्या दिवशी बसले.
पहिल्या बटणाला घड्याळ थांबलं की काय वाटलं.
तिसऱ्याला माझ्याच बोटांना खाज सुटली.
पाचव्याला लेम्बीबाईंनी अशी शिवी हासडली
जी मी बंदरावरही ऐकली नव्हती.
सातवं भलत्याच काजात गेलं
आणि दिवसभर तिथंच राहिलं, ऐटीत.

पुढे पुढे डोळ्यांना काम लागलं.
सपाता उलट्या करून बघायच्या:
डावी टाच जास्त झिजलीय, म्हणजे तोल तिकडे जातो.
फ्रिजमध्ये तेच तीन बटाटे, गुरुवारपासून.
गोळ्यांची डबी भरलेली आहे,
म्हणजे कुणीतरी मला "घेतल्या" असं खोटं सांगतंय,
आणि ते खोटं पकडायचं नाही,
त्याच्या शेजारी चहा घेऊन बसायचं
खरं आपणहून बाहेर येईपर्यंत.

आणि प्रश्न बदलायचा.
काय दुखतंय, हे सगळेच विचारतात.
मी काल्योआजोबांना विचारलं, काय करायचंय?
अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो माणूस
खिडकीबाहेर बघत राहिला. केटली उकळून गार झाली.
मग म्हणाले, "धुरीघरापर्यंत जायचंय."
अंगणापलीकडे, मासे धुरवायची ती काळी खोपटी.
मी मोजली: एकेचाळीस पावलं, दोन पायऱ्या.

मुलगा फिनलंडहून फोनवर ओरडला,
"पडले तर?"
माझं शिक्षण खरं तिथं झालं, त्या फोनवर.
म्हटलं, "पडले तर मी शेजारी असेन.
उठलेच नाहीत, तर बसल्याजागी पडतील रोज थोडे थोडे,
आणि ते कुणाला ऐकूही येणार नाही."
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
सोमवारी त्यानं नवे बूट पाठवले, रबरी तळव्यांचे.

फेब्रुवारीभर आम्ही खुर्चीतून उठलो.
टेबलाची कड धरून दहादा, पाणी उकळेस्तोवर.
मार्चात टेबल सोडून.
माझेही गुडघे कुरकुरले; मी एक्कावन्नची आहे,
हे धडे मी कुणासाठी गिरवतेय
ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मे महिन्यात, निळ्या रानफुलांमधून,
एकेचाळीस नाही, बासष्ट पावलं लागली.
पायऱ्या चढले. कडीला हात घातला.
कडी गंजलेली.
त्यांची बोटं थरथरली, घसरली, पुन्हा घसरली,
माझा उजवा हात उसळला जुन्या सवयीनं,
मिनिटाला बत्तीस,
मी तो खिशात कोंबला.

कडी उघडली नाही.
आम्ही बासष्ट पावलं परत आलो.

नोंदवहीत मी लिहिलं: अपुरं.
विर्व्हेनं ते वाचलं, तसंच ठेवलं.
निघताना आजोबांनी हाक मारली,
बोटीवरच्या पोराला मारावी तशी:
"उद्या तेल आण."
"आणते. लावू का मीच?"
भुवया वर गेल्या.
"आण म्हटलं. लावणारा मी."