पुस्तकात लिहिल्यास दंड

नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात
एक कादंबरी होती, पहिली सोळा पानं गेलेली.
त्यामुळे नाव नाही, लेखक नाही, अनुवादकही नाही.
राणीच्या काळातलं लंडन. धुकं, घोडागाडी.
उमरावाच्या बायकोचा पाचूंचा हार चोरीला जातो
आणि तिसऱ्या दिवशी बटलर सापडतो
कोळशाच्या खोलीत, मान वाकडी.
लोक म्हणत, "ती हाराची द्या."
मी द्यायचे.

मार्चच्या मोजदादीत ती हातात आली
तर समासात पेन्सिल.
बारीक, उभं अक्षर,
वहीत तोळे-मासे-गुंजा मांडावेत तसं.

पान ४१: एवढे पाचू घालून नाचता येत नाही. मान धरते.
पान ६६: दातावर मोती घासून बघतात. पाचू नव्हे.
पान ९०: खिडकीतून फरशीवर टाकला म्हणे. तडकला असता.
पान १०३, बटलर मरतो तिथे:
चोरी समजते. हे कशाला?

आता मी काही इन्स्पेक्टर नाही.
माझ्याकडे भिंग नाही, डिंकाची बाटली आहे,
तारखेचा शिक्का, आणि कार्डांचा लाकडी खण.
हार सात वर्षांत तेवीस जणांनी नेला.
डॉक्टर टिल्लूंचं अक्षर त्यांच्या कंपाउंडरलाही लागत नाही.
केळकर बाई लिहितील तर लाल शाईनं, आणि गुण देतील.
असं खोडत खोडत उरला चारशे बारा,
विश्राम अणवेकर. जांभळी नाक्यावरच्या त्यांच्या दुकानात
मुलगा आता मोबाइल विकतो.

मग पान १८८.
लंडनचा कोणी कारागीर रात्री दिव्याखाली
खरे खडे काढून काच बसवतो.
तिथे समास पुरला नव्हता, मजकूर वळून वर चढला होता:

हे मी केलं आहे. सन अडुसष्ट.
हिऱ्याच्या कुड्या, फिरकी बदलायला आलेल्या.
थोरलीचं ऑपरेशन होतं.
खून वगैरे पडला नाही.
बाई अजून तलावपाळीला भेटतात,
विचारतात, हात कसा आहे.

शनिवारी ते आले. मी म्हटलं,
"पुस्तकात लिहिल्यास दंड पाच रुपये."
त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"पेन्सिल आहे. खोडता येते."
मग जरा वेळानं, "वाचलंत?"
"मी फक्त पानं मोजते."
दहाची नोट काढताना हात हलत होता.
सुटे नव्हते माझ्याकडे.
"राहू द्या जमा," म्हणाले, "पुढच्या वेळचे."

खोडरबर टेबलावर काढून ठेवला होता.
तेवढ्यात इंदूताई टिपणीस जिना चढून आल्या, धापा टाकत.
"ती हाराची आहे का? अणवेकर म्हणाले, वाचाच."
पदरानं कपाळ टिपलं,
कानावरचे पांढरे केस मागे सारले
आणि ट्यूबलाइटखाली कुड्या
नको तितक्या चमकल्या.

मी खोडरबर खणात टाकला.
शिक्का मारला.

नऊ दिवसांनी पुस्तक परत. मी पाठमोरी होऊन उघडलं.
पान १८८, तळाशी, निळ्या शाईत, तिरकं:

ठाऊक होतं. खरे हिरे पहाटे कानाला गार लागतात.
थोरली कशी आहे? इतकी वर्षं तुम्ही तिचं नाव काढत नाही,
म्हणून मीही विचारलं नाही.

शाईला दंड दहा.
पाच बाईंनी दिले, कुरकुर न करता.
पाच मी चारशे बाराच्या शिल्लकीतून वळते केले,
जे नियमात बसत नाही.
पावतीवर कारण लिहावं लागतं.
लिहिलं: समासातील मजकूर.

त्याच संध्याकाळी अणवेकर हार घेऊन गेले.
मुदत पंधरा दिवसांची. दोन वर्षं होत आली.
स्मरणपत्र मी पाठवलेलं नाही.

फक्त बटलरला कोणी मारलं
ते माझं वाचायचं राहिलं.