उतरवणं

दिवाडीच्या फेरीत माझी पेटी उघडी बघून
एकानं विचारलं, दांतांची डॉक्टर काय गो तू?
पेटीत कापूस, बांबूच्या काड्या, भिंग.
तोंड मी निघतानाच दोनदा खळखळून धुतलेलं.

कपेलातलं चित्र लाकडावरचं. सागाच्या तीन फळ्या,
मधली थोडी फुगलेली, खांद्याच्या जागी.
कुणी काढलं, माहीत नाही. मूळ चित्राची छापील नक्कल
जहाजातून आली असेल, खाऱ्या ओलीनं डागाळलेली,
आणि इथल्या कुणा हातानं तिला रंग दिले:
काव, नीळ, हळदीसारखा एक, जो आता तपकिरी झालाय.
त्यावर किती वर्षांच्या मेणबत्त्या, धूप, वटवाघळं.
ख्रिस्त आहे एवढं कळायचं. बाकी सगळं
चुलीमागच्या भिंतीसारखं.

मी थुंकीनं पुसते.
हसू नका, रीतच आहे ही. लाळेइतकं सौम्य
दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही.
काडीवर कापूस वळायचा, जिभेवर धरायचा,
नखाएवढी जागा, गोल गोल, मग नवा बोळा.
आई उष्ट्या हातानं समईला शिवू देत नसे
आणि मी सकाळपासून एका देवाचे तळपाय
तोंडातल्या ओलीनं धुतेय.

रुमाल्द सांक्रिस्तांव पहिल्या दिवशी बाहेर जाऊन उभा राहिला.
दुसऱ्या दिवशी त्यानं तांब्याभर पाणी आणून ठेवलं.
तोंड सुकत असेल तुझं, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शिडी निघाली.
पाचव्या दिवशी शिडीच्या टोकावरचा माणूस.
क्रुसाच्या आडव्या लाकडावर पोटावर झुकलेला,
दोन्ही हात गुंतलेले, म्हणून
चादरीचं टोक दातांत.
छापील कागदावर तो दाढीवाला असेल, जाड कपड्यांतला.
इथे त्याच्या कमरेला काश्टी
आणि काश्टीत मागे खोचलेली
रेंदेराची वाकडी काती.

मी रुमाल्दला हाक मारली, भिंग दिलं.
भिंग हातात धरून तो नुसत्या डोळ्यांनीच बघत राहिला.
मग म्हणाला, पाय माडावरच गेला माझा.
(त्यांच्यात बापाला पाय म्हणतात. क्षणभर मी
हातातल्या बोळ्याकडे बघितलं.)
सांजेची सूर काढताना. पडला नाही.
चुडतांत अडकून राहिला, बसल्यासारखा.
तियू इनास चढला दोरी घेऊन.
फुलाफुलांच्या चादरीत बांधला त्याला,
गाठ दातांत, हात माडाला.
दोन मिनिटांचा माड. उतरायला पाऊण तास.

खाली कोण होतं?
मांय. मी. आणि शेजारचा मेस्त शिडी घेऊन, जी पुरली नाही.
मांय रडत होती?
रुमाल्दनं भिंगावरची नसलेली धूळ पुसली.
ना. रडली मागीर. तेव्हा वर बघून एकच सांगत होती,
सवकास, इनास, सवकास.
त्याला लागेल म्हणून.

चित्रातल्या मारियेचं तोंड
मी शेवटी ठेवलं होतं. तिथे काजळी जाड,
ओठ उघडे एवढंच दिसायचं. नोंदवहीत
लिहूनही ठेवलं होतं: विलाप.
एकशे बारा बोळे. जीभ खरखरीत झाली.
आत दात निघाले, जिभेचं टोक दातांना लागलेलं,
डोळे कोरडे, आणि हात असा वर,
कपाट जिन्यावरून उतरवणाऱ्यांना
आपण वळण दाखवतो तसा.
विलाप खोडला. दुसरं काय लिहावं
सुचेना. रकाना तसाच राहिला.

काम संपवताना एक तुकडा काळा सोडायचा असतो,
रुपयाएवढा, आधी किती होतं ते कळावं म्हणून.
त्याला आम्ही साक्षी म्हणतो. कुठे सोडू, मी विचारलं.
रुमाल्दनं काती दाखवली नाही, तोंडही नाही.
अगदी खाली, शिडीचा एक पाय
गवतात टेकला होता,
तिथे बोट ठेवलं, न लावता.
मग तांब्यातलं उरलेलं पाणी दारातल्या अबोलीला घालून आला
आणि म्हणाला, चल, फेरी चुकेल.