आटण्याची सूट

ओतलेलं लोखंड निवताना आटतं,
म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टी वेगळी:
आमच्या फुटात एक सूत जास्त.
अठ्ठावीस वर्षं तीच पट्टी कमरेला खोचून
मी उद्यमबागेत
पंपांची, झडपांची पोटं सागवानात कोरली.

मग मशीन आलं, पडद्यावर बघून आपलं आपण कापणारं.
मालक वाईट नाही. म्हणाला,
मोनाप्पा, बस की आता घरी निवांत.
हिशेबासोबत तीन पोती तुकडे दिले,
सागाचे, शिवणीचे,
आणि ज्या खोक्यातून ते मशीन आलं
त्याच्याच पांढऱ्या फळ्या, अजून राळेचा वास येणाऱ्या.
ज्यानं मला उठवलं
त्याच्याच अंगरख्याची मी घरं शिवायला बसलो.

चिमणीला भोक बत्तीस मिलिमीटर. दयाळाला पन्नास.
भोकाखाली दांडी नाही लावायची,
दांडीवर कावळा बसतो नि आत चोच घालतो.
हे कॅम्पातल्या फर्नांडिस मास्तरांनी सांगितलं,
खुर्चीचा पाय बसवून घ्यायला आले होते तेव्हा.

शनिवारच्या बाजारात पोतं अंथरलं. अकरा घरं.
शेवंता म्हणाली, पाटी तरी लावा.
कुठल्या लिपीत, यावर चहा गार होईस्तोवर बोललो.
शेवटी खडूनं चिमणी काढली.
"कोळी एष्टु?" पहिल्याच माणसानं विचारलं.
त्याला ती कोंबडी वाटली.

एक बाई गल्ला म्हणून घेऊन गेल्या,
भोक नाण्यांना सोयीचं आहे म्हणाल्या.
समोरची गंगव्वा मेथीच्या जुड्या बांधता बांधता उठली,
घर उलटंपालटं करून बघितलं.
"गुब्बी मनी," म्हणाली.
तिच्यात मनी म्हणजे घर, आमच्यात मनात.
मी दोन्ही अर्थांनी मान हलवली.
चाळीस रुपये दिले तिनं, वर दोन जुड्या.

पाचव्या शनिवारी
एक रिटायर ओव्हरसियर टेप घेऊनच आले.
"अहो, हे सांगितलंत त्यापेक्षा मोठं भरतंय."
मी म्हटलं, टेप ताणलेली असेल.
रात्री दिव्याखाली बघितलं:
हाताला सवय, पट्टी जुनीच.
भोकं तेवढी बरोबर, ती ड्रिलची होती.
बाकी त्रेचाळीस घरं
शहापुरात, वडगावात, येळ्ळूरला,
एक तर बसच्या टपावरनं चंदगडला गेलेलं,
सगळी फुटामागे सुतानं मोठी,
जणू टांगल्यावर निवणार होती,
निवून आटणार होती.

लाज वाटली. कारागिराला वाटते तशी,
जेवणात मीठ लागेना.
वीस रुपयांची खरी पट्टी आणली.

गंगव्वाला सांगून टाकलं, बदलून देतो.
ती हसायलाच लागली.
तिच्या मेथीच्या सुतळ्या एकेक करून चोरीला जात होत्या,
आणि आत चार पिल्लं,
एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन,
एकाचा पंख तर सारखा भोकातनं बाहेर.
"जागाच पुरंना त्यास्नी," म्हणाली, तिच्या मराठीत.
"बदलून देतोय म्हणं!"

नवी पट्टी खिळ्याला टांगली आहे. चकचकीत आहे.
आज सकाळी शिवणीच्या फळीवर खूण करताना
हात कमरेकडे गेला.
जाऊ दिला.