शरणपूर रोड, पुस्तकबांधणी

शरणपूर रोडवर माझं बाइंडिंगचं दुकान.
आज एक जाड प्रबंध आलाय, टाके उसवलेला.
सुई ओवता ओवता मी पानं वाचतो, ही जुनी खोड.

तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी, थंड गावांतले विद्वान
भांडत होते मेलेल्या देवळांवरून:
ग्रीकांच्या देवाच्या तोंडून बोलायचं कोण?
एक पाद्री म्हणे, सैतान.
येशू जन्मला आणि त्याची दातखीळ बसली.
एक डॉक्टर म्हणे, कसला सैतान,
पुजारी लबाड, मूर्ती पोकळ, आत नळी.
तिसरा खडकाच्या भेगेतली वाफ हुंगत बसलेला.

मला आठवली भद्रकालीतली राहीआत्या.
मंगळवारी केस सुटायचे, बोळ भरून माणसं.
हरवलेली म्हैस, न टिकणारा गर्भ, कोर्टाची तारीख.
नळी नव्हती. कापराचा धूर होता, मान्य.
पुढं तिचा यादव नोटांच्या छापखान्यात लागला
आणि त्याच आठवड्यात देवी यायची थांबली.
पाद्रीबाबांनी याचं काय केलं असतं कोण जाणे.

मी विचारलं होतं एकदा, ती पालक निवडत असताना,
"खरं सांग, कोण बोलायचं?"
"लोक आधीच सगळं सांगून टाकायचे रे.
मी फक्त मोठ्यांदा म्हणायचे."
मग जुडीतून एक पिवळं पान काढून, हळू:
"म्हशीचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं."

खळ वाळतेय. प्रबंध दाबाखाली ठेवलाय,
गिऱ्हाईक सहाला येणार.
म्हशीचं त्यात कुठंच नाही.