मधलं

डेब्रेत्सेनच्या कारखान्यात शनिवारी भोंगा होत नाही.
तरी पिरोश्का सातला हजर,
कारण कपाटातल्या बाटलीचं बूच कुणीतरी
नाताळभर सैल ठेवलं होतं.

बेन्झाल्डिहाइड. तेलकट, कडू बदामाच्या वासाचं.
हवा लागली की आपोआप आम्ल होत जातं,
बाटलीच्या गळ्याशी पांढरं फुटतं,
ओल आलेल्या भिंतीला लोणा फुटावा तसं.

शिकाऊ बेनेदेक म्हणाला, "गेलं ना हे? टाकू?"
"गेलं कसलं. धुवायचं."

सोड्याचं पाणी नरसाळ्यात. फसफसलं.
"बूच दाबून धर. हलव. उलटं कर,
तोटी उघड, जाऊ दे त्याचा राग.
पुन्हा. तो गप्प होईपर्यंत."

दोन थर झाले. पोरानं खालचा
स्वच्छ चंबूत काढला, आणि वरच्यासकट नरसाळं घेऊन
टाकाऊच्या डब्याकडे निघाला.

"अरे!"

"पुस्तकात आहे, पाण्यापेक्षा जड."

"साध्या पाण्यापेक्षा. हे सोडा पिऊन जड झालेलं पाणी,
ह्याच्यावर ते तरंगतं.
आपण वर की खाली,
ते शेजारी कोण बसलंय त्यावर."

मग साधं पाणी घातलं,
आणि तेच तेल मुकाट तळाशी गेलं.
बेनेदेक बराच वेळ बघत राहिला.

क्षारावर सुकवलं. पंप लावला.
एरवी पावणेदोनशेच्या पुढे उकळणारं,
दाब काढून घेतला तर साठीतच उठतं,
करपत नाही.
पहिले थेंब वेगळे. मग नितळ, बिनरंगाचं,
तपकिरी बाटलीत, वर नायट्रोजनचं पांघरूण.

"ह्याचं पुढे काय होतं?"
"हिरवा रंग. साबणातली जाई.
कुठल्याशा गोळीचा एक कोपरा."
"आणि वेष्टनावर ह्याचं नाव?"
"नसतं. हे मधलं."

(नाही, पिरोश्का मधली बहीण नव्हती.
एकुलती एक. तसलं काही जुळवू नका.)

ट्रामने घरी. आई चौऱ्याऐंशीची, डोळे गेलेले,
हात चाचपत तिची बाही नाकाशी नेते.
"मार्झिपान! कुणाकडे होतं?
माझ्यासाठी एक तुकडा नाही आणलास?"

पिरोश्का बाही हुंगून बघते.
तिला तो वास यायचा थांबला,
त्याला अकरा वर्षं झाली.