वाटे

नारिनच्या वैद्यकीय शाळेत सांगाडा एकच.
डाव्या हाताची तीन बोटं कधीच हरवलेली,
कवटीवर कुणीतरी नमद्याची पांढरी टोपी ठेवलेली,
ती काढायचं कुणाच्या मनात येत नाही.
गुल्बारा ओस्मोनोव्हना पट्टी टेकवून विचारतात,
हे कोणतं, झूराकान?

मी चौतिशीची. बाकीच्या पोरी अठरा-एकोणिसच्या,
लॅटिन नावं त्यांच्या तोंडात सूर्यफुलाच्या बियांसारखी
कडकड फुटतात.
मला लॅटिन येत नाही.
मला मेंढी येते.

सुरी पुरुषांची, परात आमची.
बर्फाच्या ओढ्यात आतडी उलटी करून धुताना
माझी बोटं बधिर झाली आहेत किती हिवाळे.
माणसाचं लहान आतडं सहा-सात मीटर, हे ऐकून
मी न राहवून म्हणाले, एवढंच?
वर्ग हसला. बाईही हसल्या,
मग म्हणाल्या, मेंढी गवत खाते, पोरी. लिहून घे.

घोट्यातलं ते हाड मात्र मी डोळे मिटून ओळखलं.
चूको! लहानपणी खिशात वीस-वीस असायची,
उडवायची, पाडायची, भावाची जिंकून पळायचं.
माझ्याच पायात, दोन्हीकडे एकेक,
न खेळलेली, तशीच,
चौतीस वर्षं मला उभी धरून.

यकृतापाशी आलो. आमच्या बोलीत त्याला बोओर म्हणतात,
आणि सख्ख्यांना बोओरदोश, एका यकृताचे.
बाई म्हणाल्या, हे विष गाळतं, साखर साठवतं,
उपाशी रात्री थोडी थोडी सोडतं.
मी वहीत तसंच लिहिलं.
खाली छोट्या अक्षरात: नातेवाईक?

मग कंबर. दोन रुंद हाडं आणि मधली वाट.
आमच्याकडे पाहुणे बसले की उकडलेलं मटण
वयाप्रमाणे, मानाप्रमाणे वाटलं जातं,
प्रत्येक हाडाला त्याचा धनी.
जांबाश, खुब्याचं हाड, सगळ्यांत थोर म्हाताऱ्याला.
म्हाताऱ्या बायकांना शेपटीचं टोक.
बाईंनी कापडाची बाहुली त्या मधल्या वाटेतून
फिरवत फिरवत खाली आणली,
डोकं अडकलं, खांदा वळला, सुटली.
सगळे इथूनच आलात, म्हणाल्या, टोपीवालाही.
मी सांगाड्याकडे बघत बसले.
मानाचं हाड.
आणि माझ्या सुनेरीचं डोकं तेरा तास
ज्या हाडांत अडलं होतं, ती माझी होती.

वसंतात घरी परतले ती मार्शरुत्का घाटात दोनदा बंद पडली.
झाकीप-अता, माझे सासरे, दारातच:
आली का डॉक्टरीण? मेंढ्या धुवून झाल्या,
आता माणसं धुणार?
एवढं बोलून थांबले. श्वास गोळा केला.
आत जाताना चौकटीला हात लावला.
रात्री तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपतात,
सासूबाई म्हणाल्या, म्हातारपण, दुसरं काय.

मी त्यांच्या पायांशी बसले. बूट काढले.
कातडी मोज्यांचे वळ मांसात रुतलेले.
नडगीवर, जिथे हाड अगदी कातडीखाली असतं,
अंगठा टेकवला आणि दाबून धरला.
हे मी मेंढीवर कधी केलं नव्हतं.
मेलेल्या पायात काही साचत नाही, काही परतत नाही.

अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला,
ओल्या पिठात राहतो तसा.
पायात पाणी, आणि खोट वर, डाव्या फासळ्यांच्या आड,
थकलेल्या पंपात. एवढं मला कळलं.
पुढचं तालुक्याच्या डॉक्टरला कळेल.
उद्या घोड्यावर नाही, गाडीनंच न्यायला हवं,
मीठ आजपासून कमी,
आणि हे त्यांना सांगायचं कसं, ते वहीत नाही.

खळगा हळूहळू भरत होता. मी मनात मोजत होते.
चहावर साय धरली होती.
झाकीप-अता खाली वाकून बघत म्हणाले,
हा वाटा कुणाचा गं?